चाकांवरच्या घराला अठरा मिमी प्लाय कशाला?

लाकूडकाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही नवरा-बायको डिचोलीला राहतो. गेल्या चवथीनंतर आम्ही एक जुना कॅम्पिंग ट्रेलर घेतला, आतून बारा फूट बाय सहा फूट. आरसीवर एकूण वजन १२०० किलो लिहिलेलं आहे. आतली पार्टिकल बोर्डची कपाटं एका पावसात फुगून गेली, म्हणून सगळी उखडून टाकली. रिकामा ट्रेलर काट्यावर ७८० किलो भरला. आता ओटा, वरची कपाटं, कपड्यांचं एक उभं कपाट आणि पलंगाखालचे खण नव्याने करायचे आहेत. आमचे मेस्त (सुतार) म्हणतात, घरच्या किचनसारखं सगळं अठरा मिमी मरीन प्लायमध्ये करू, वर एक मिमी सनमायका लावू, मग बघायला नको. सासऱ्यांचं म्हणणं, सागवानच घ्या. ट्रेलर वर्षातून चार-पाच वेळा चोर्ला घाटातून बेळगाव आणि पुढे बदामी-हंपीपर्यंत जाईल, बाकी वेळ अंगणात शेडखाली असेल. कुठलं लाकूड घ्यावं?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : जुनं काढल्यावर ट्रेलर काट्यावर घातलात, हे सगळ्यात मोलाचं काम तुम्ही कुणी न सांगता केलंत. लाकूड कुठलं हे त्यानंतर ठरतं. आधी हिशोब मांडू.

१२०० मधून ७८० गेले, राहिले ४२०. पाण्याची टाकी साठ लिटरांची धरली तर साठ किलो तिथेच गेले. बॅटरी, शेगडी आणि पाच किलोचा सिलिंडर मिळून पन्नास. गाद्या, भांडी, कपडे, तांदूळ-डाळ, स्टेपनी, जॅक, दाराबाहेर ताणायची ताडपत्री हे सगळं एकशेतीसच्या खाली सहसा येत नाही. उरले १८०. ते सगळे कपाटांवर उधळू नका. वाटेत माणसं काही ना काही विकत घेतातच, पाहुणा बरोबर येतो, म्हणून साठ किलो हातचे राखा. म्हणजे कपाटांच्या वाट्याला आले १२० किलो. ओटा, खण, दारं, बिजागऱ्या, रंग, स्क्रू, सगळं त्यात बसलं पाहिजे.

आता मेस्तांचा बेत तोलून पाहू. आठ बाय चार फुटांची, अठरा मिमी जाडीची गर्जन लाकडाची मरीन प्लायची शीट पस्तीस ते चाळीस किलो भरते. एक मिमी सनमायक्याची शीट साधारण चार किलो, आणि ती दोन्ही बाजूंना लागते. तुम्ही लिहिलंय तेवढ्या कामाला सात शीट सहज लागतील. आकडा तीनशे किलोच्या वर जातो. मेस्तांचा सल्ला घरच्या किचनसाठी अगदी बरोबर आहे, कारण घरातला ओटा जमिनीवर उभा असतो आणि त्याचं वजन कुणाला ओढून न्यायचं नसतं. इथे तेच वजन चोर्ला चढताना तुमच्या गाडीच्या इंजिनावर येणार आणि उतरताना ब्रेकवर. ट्रेलरचा एक्सल आणि टायर आरसीवरच्या आकड्यासाठी बनवलेले असतात. त्याच्यावर दोनशे किलो चढवून घाटात उतरणं हा धोका आहे, आणि तो मी तुम्हाला पत्करू देणार नाही.

मग बारीक प्लायने काम भक्कम कसं होईल, ही तुमची शंका असणार. सपाट फळीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट वाढतो, म्हणून मेस्त लोक जाडीकडे धावतात. पण ती सगळी जाडी भरीव लाकडाचीच असायला हवी असं नाही. बाहेरच्या दोन पापुद्र्यांनी ताण-दाब घ्यायचा आणि मधल्याने त्यांना एकमेकांपासून लांब धरायचं, एवढ्यावर काम भागतं. दिवाडी बेटावरच्या यार्डात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेचं अंग असंच आहे: मध्ये हलकं लाकूड, आतबाहेर फायबरग्लास. त्याच नौकेने कॅप्टन दिलीप दोंदे यांना २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा घडवून सुखरूप परत आणलं. मी उमेदवारी बोटींच्या कामावर केली आणि फर्निचरकडे नंतर वळलो, म्हणून असेल, पण हलक्या बांधणीबद्दल माझा विश्वास तिथूनच पक्का झाला.

तुमच्या ट्रेलरसाठी याचा अर्थ असा: वीस बाय तीस मिमीच्या पट्ट्यांची चौकट करा आणि तिला बारीक प्लाय चढवा. पट्ट्यांना शिवण घ्या. आपल्याकडे शिवणीचं लाकूड मिळतं, ते हलकं असतं, रंध्याखाली लोण्यासारखं चालतं आणि वाळल्यावर फारसं वेडंवाकडं होत नाही. वाद्यांना आणि कोरीवकामाला ते वापरतात ते त्यामुळेच. सागवान शिवणीपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने जड. सासऱ्यांचा शब्द मोडू नका, त्यांच्या सागवानाला इथे चांगली जागा आहे: दारांच्या कडांना आणि ओट्याच्या पुढच्या काठाला सागवानी लिपिंग करा, म्हणजे कडेला लाकडाची बारीक पट्टी चिकटवा. रोज हात लागतो, पाणी ठिबकतं, भांड्याचा टोला बसतो तो तिथेच.

चौकटीवर कपाटांच्या बाजू आणि पाठ सहा मिमीची. दारं आणि फळ्या नऊ मिमीच्या, पण प्रत्येक फळीला पुढून तीस मिमी उंचीची पट्टी उभी चिकटवा. तिने फळी वाकत नाही आणि वळणावर बरण्या खाली येत नाहीत. बारा मिमी फक्त ओट्याच्या पृष्ठभागाला आणि पलंगाच्या तक्त्याला. हलक्या प्लायमध्ये सहा मिमीची शीट दहा किलोच्या आसपास, नऊची पंधरा, बाराची वीस. सहाच्या तीन, नऊच्या तीन आणि बाराची एक धरली तर पंच्याण्णव किलो होतात. शिवणीच्या पट्ट्यांचे सतरा-अठरा, वर बिजागऱ्या आणि रंग. एकशेवीसच्या आत बसलं.

हलकी प्लाय दुकानात ‘हलकी’ म्हणून मागितली तर दुकानदार हलक्या प्रतीची दाखवेल, म्हणून नेमकं मागा. ‘अल्टरनेट’ गाभ्याची, म्हणजे एक थर पॉपलरचा आणि एक नीलगिरीचा, फिनॉल सरसाची कॅलिब्रेटेड, म्हणजे सगळीकडे एकसारख्या जाडीची, प्लाय. एमआर, म्हणजे नुसता दमटपणा सोसणाऱ्या, प्लायमध्ये युरिया सरस असतो, तो आपल्या पावसात टिकायचा नाही. सिंकखालचं कपाट आणि टाकीशेजारचा खण एवढ्या दोन जागी मात्र आयएस ७१० या भारतीय मानकाची मरीन प्लायच लावा, नऊ मिमीची. तिथे दोन किलो जास्त गेले तरी चालतील. शीटवर आयएसआय मार्क आणि त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला हवा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकला की परवाना खरा की नाही ते तिथल्या तिथे कळतं. दुकानदार त्याला कंटाळला तर कंटाळू दे.

शीट निवडताना तिला आडवी धरून कड बघा. थरांमध्ये फट दिसली, एकावर एक थर चढलेला दिसला, की ती बाजूला ठेवा. मग नाण्याने हातभर अंतरावर टकटक करत जा. पोकळ जागी आवाज बदलतो. घरचा माणूस उभा राहून वजन बघतो तो छोटा काटा बरोबर न्या. आधी नुसते उभे राहा, मग शीट उचलून उभे राहा, आणि दोन्ही आकड्यांतली तफावत काढा. एकाच ठिकाणच्या, एकाच जाडीच्या दोन शीटमध्ये तीन-चार किलोंचा फरक निघू शकतो. एक वितीचा तुकडा मागून आणा आणि जुन्या पातेल्यात दिवसभर उकळत ठेवा, पाणी आटलं की घालत राहा. मरीन प्लायच्या कसोटीत तुकडा बहात्तर तास उकळतात. घरी तेवढं करायची गरज नाही. युरिया सरसाची प्लाय असेल तर संध्याकाळपर्यंत पत्त्यांसारखी सुटते. फिनॉल सरसाची रेघ गडद तपकिरी असते हे खरं, पण सरसात रंग मिसळणारेही आहेत, तेव्हा नुसत्या रेघेवर जाऊ नका.

एवढं करून आणलेली चांगली प्लायही कडेतून मरते. प्लायच्या तोंडावरून पाणी ओघळून जातं, कापलेली कड मात्र ते पिऊन घेते. म्हणून तुकडे कापले की जोडायच्या आधी प्रत्येक कड पातळ इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या राळेने) भरा. पहिला हात लावल्यावर थोड्या वेळाने बघा: कड पुन्हा कोरडी, मळकट दिसू लागते, कारण इपॉक्सी आत गेलेलं असतं. वाळल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा आणि दुसरा हात द्या. आता कडेला ओली चकाकी राहिली पाहिजे. जिथे राहिली नाही तिथे तिसरा हात. नळासाठी पाडलेलं भोक, वायरीचं भोक, सिंकचा कापलेला काठ, सगळ्यांना हेच. सिंकचा काठ विशेषतः विसरला जातो, कारण तो सिंकखाली झाकला जातो, आणि फुगायला सुरुवात तिथूनच होते.

सनमायका फक्त ओट्यावर लावा, ०.८ मिमीचा, आणि त्या फळीच्या खालच्या बाजूलाही साधा बॅलन्सिंग लॅमिनेट चिकटवा. एकाच बाजूला लावलात तर दुसरी बाजू पावसाळ्यात दमट हवा शोषते आणि बारीक फळी वाकते. बाकी सगळ्याला आतून-बाहेरून पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन हात पुरे.

जोडणीत चुका, म्हणजे खिळे, नकोत. घाटातल्या हादऱ्यांनी चूक मागे सरकते. प्लायच्या कडेत घुसवलेला स्क्रूही काही दिवसांत सैल होतो. मागच्या उन्हाळ्यात मडगावहून एक व्हॅन माझ्या फोंड्याच्या वर्कशॉपात आली. वरची कपाटं अनमोड घाटात भिंतीपासून सुटून ओट्यावर आली होती. प्लाय अठरा मिमीची, उत्तम प्रतीची, एक थर सुटला नव्हता. पण सगळे स्क्रू कडेत मारलेले आणि पलीकडे नुसत्या पत्र्यात. पत्र्यातली भोकं लांबट झाली होती. तिथे कुणी झोपलेलं नव्हतं हे नशीब. तेव्हा कोपऱ्याच्या आतून शिवणीची पट्टी द्या, पाण्यात टिकणारा सरस लावा, आणि स्क्रू प्लायच्या तोंडातून पट्टीत जाऊ द्या. भिंतीला कपाट लावताना ट्रेलरच्या फासळ्या कुठे आहेत ते आतून शोधून खुणा करा आणि स्क्रू फासळीतच धरा.

जड सामान खाली आणि एक्सलच्या जवळ. वरच्या कपाटांत कपडे, चादरी, फार तर चहा-साखर. ट्रेलरच्या हुकवर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार यायला हवा. मागे जास्त वजन गेलं तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. म्हणून पाण्याच्या टाकीची जागा कपाटांच्या आधी ठरवा.

आता पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ट्रेलर बंद उभा राहणार, आणि बंद कपाटाला आपल्याकडे बुरशी यायला पंधरवडा पुरतो. कपाटाची पाठ भिंतीपासून बोटभर सुटी ठेवा, कारण बाहेरचा पत्रा थंड झाला की त्याच्या आतल्या अंगाला दव धरतं. प्रत्येक कपाटाला वर आणि खाली हवेची वाट द्या. कपड्यांच्या कपाटाचं दार तर मी भरीव करणारच नाही: शिवणीची चौकट आणि आत वेताची जाळी. वजन निम्मं होतं, हवा खेळते, आणि सुंदर दिसतं. उभ्या ट्रेलरमधल्या गाद्या घरात आणा, दारं-खण उघडे ठेवा, आणि पाऊस थांबेल त्या दिवशी खिडक्या उघडा.

प्रश्न : आम्ही एक तयार कॅम्पर घेतला. आतली कपाटं एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डची आहेत. उन्हात उभा केलेला कॅम्पर उघडला की उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. आमची मुलगी तीन वर्षांची आहे, तिला आत झोपवलं की खोकला येतो. विक्रेता म्हणतो, नवेपणाचा वास आहे, जाईल. काय करावं?
– एक आई, मडगाव

उत्तर : हा वास नवेपणाचा म्हणून सोडून देऊ नका. पार्टिकल बोर्डचा भुसा आणि एमडीएफचे तंतू चिकटवायला जो युरिया सरस वापरतात त्यातून फॉर्मल्डिहाइड हा वायू सुटतो. ऊन आणि दमट हवा मिळाली की जास्त सुटतो, आणि आपल्याकडे दोन्ही भरपूर. घराच्या खोलीत तो पसरून विरतो. कॅम्परमध्ये हवा थोडी, बोर्ड पुष्कळ आणि दारं बंद.

हे प्रकरण ट्रेलरमुळेच गाजलं होतं, म्हणून सविस्तर सांगतो. अमेरिकेत २००५ साली कॅटरीना वादळाने बेघर झालेल्या लोकांना सरकारने ट्रेलरमध्ये राहायला दिलं. तिथे माणसांचे डोळे चुरचुरू लागले, नाकं गळू लागली, मुलांना खोकला धरला. सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने डिसेंबर २००७ आणि जानेवारी २००८ मध्ये ५१९ ट्रेलर व फिरत्या घरांची हवा तपासली. फॉर्मल्डिहाइडचं सरासरी प्रमाण अब्जात ७७ भाग निघालं, साध्या घरांपेक्षा कितीतरी जास्त, आणि तेही थंडीच्या दिवसांत. २०१० मध्ये तिथे अशा बोर्डांतून किती वायू सुटला तर चालेल याचा कायदा झाला. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्येच फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं आहे.

म्हणून आधी मुलीला आत झोपवणं थांबवा आणि खोकला डॉक्टरांना दाखवा, कॅम्परचं सांगून. मग कपाटांची दारं, खण आणि खिडक्या उघड्या टाकून कॅम्पर रोज तापू द्या आणि वारा खेळू द्या. छपरात एक लहान एक्झॉस्ट पंखा बसवला तर फार फरक पडतो. कपाटांच्या आत डोकावा: पाठ, तळ आणि कडा बहुतेक उघड्याच असतील, कारण लॅमिनेट दिसणाऱ्या बाजूलाच लावतात. त्या सगळ्या उघड्या भागाला पीयू सीलरचे दोन-तीन हात द्या. काम उघड्यावर करा आणि ते पूर्ण वाळेपर्यंत आत कुणी बसू नये. एवढ्यानं वायू कमी होईल, थांबणार नाही. झोपायच्या जागेला लागून असलेली कपाटं जमेल तेव्हा आधी बदला. नवीन घेताना फिनॉल सरसाची प्लाय घ्या, किंवा बोर्डच घ्यायचा तर ई-१ किंवा ई-० प्रतीचा, म्हणजे कमी वायू सोडणारा, आणि ती प्रत बिलावर लिहून घ्या. सुगंधी वड्या टांगून वास झाकू नका. वास हीच तुमची खूण आहे.

प्रश्न : आजोबांच्या सत्तरी तालुक्यातल्या घराचं फणसाच्या लाकडाचं जुनं दोन फळ्यांचं दार आमच्याकडे आहे. घर पाडलं, दार ठेवून दिलं. ते कापून कॅराव्हॅनची कपाटं करावीत असं मुलाच्या मनात आहे. चालेल का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : लाकूड म्हणून पाहिलं तर फणस उत्तम. नवा कापलेला फणस पिवळाजर्द असतो आणि वर्षं जातील तसा तांबूस तपकिरी होत जातो. तुमच्या दाराचा रंग कुठलंही पॉलिश देऊ शकणार नाही. इतकी वर्षं वाळल्यावर तो आता जे काही वळायचं ते वळून बसलेला आहे. तरीही त्याच्या रुंद फळ्यांची कपाटाची दारं करू नका. भरीव लाकूड कितीही जुनं असलं तरी आडव्या अंगाने दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आटतं. फूटभर रुंदीची फळी मे महिन्यापासून जुलैपर्यंत दोन-तीन मिमी रुंद होते. घराच्या दाराला तेवढी फट चालते, कॅराव्हॅनच्या छोट्या कपाटात दार अडकून बसतं. शिवाय वजन.

म्हणून त्याच्या अरुंद पट्ट्या काढा. कडांचं लिपिंग, हाताच्या मुठी, घडीच्या टेबलाची चौकट, पायरीचा काठ. एक फळी या सगळ्याला पुरेल. कापण्याआधी चुंबक फिरवून जुन्या चुका शोधा; मोडलेली चूक आत राहिली तर रंध्याचं पातं जातंच, आणि करवतीवर माणसाच्या डोळ्यालाही धोका. फळीवर बारीक भोकं आणि पिठासारखा भुगा दिसला तर भुंग्याने घर केलेलं आहे. तो भाग ट्रेलरमध्ये आणू नका, एका पट्टीतला भुंगा शेजारच्या पॉपलरच्या गाभ्यात शिरतो. बाकीच्या लाकडाला बोरॅक्स-बोरिकचं पाणी पाजा, सुकवा आणि मग पॉलिश करा. पॉलिश हवंच, नाहीतर आत मुरलेलं बोरॅक्स-बोरिक ओलाव्याने निघून जातं.

आणि एक विनंती. दाराला कोरलेली चौकट किंवा जुनी पितळी कडी असेल, दोन्ही फळ्या साबूत असतील, तर ते कापू नका. लिपिंगला शिवण बाजारात मिळते. आजोबांचं दार नव्या घरात दार म्हणूनच लावा, मुलालाही ते कधीतरी हवं वाटेल.

प्रश्न : डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या) किंवा पीव्हीसी बोर्डला पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही. मग प्लायची कटकट कशाला?
– एक वाचक, वास्को

उत्तर : पाण्याचं आणि वाळवीचं खरं आहे, म्हणून बाथरूमच्या कोपऱ्यात आणि सिंकच्या तळाला तो जरूर वापरा. पण तो उन्हात मऊ पडतो. मे महिन्यात बंद ट्रेलरच्या आत पन्नास अंशांच्या वर तापतं, आणि त्या उष्णतेत या बोर्डची लांब फळी भाराखाली खाली झुकते, थंड झाली तरी परत सरळ होत नाही. स्क्रूही त्यात प्लायइतका घट्ट धरत नाही, हादऱ्याने फिरून सैल होतो. सगळेच बोर्ड हलके असतात असंही नाही; घट्ट डब्ल्यूपीसी प्लायइतका किंवा जास्त भरतो. घेण्याआधी वर पहिल्या उत्तरात सांगितलं तसा छोट्या वजनकाट्यावर तोलून बघा.

प्रश्न : आमचा कॅम्पर कोलव्याला किनाऱ्याजवळ असतो. ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) म्हणून घेतलेल्या बिजागऱ्यांना सहा महिन्यांत तांबेरा आला. दुकानदाराने चुंबक लावून दाखवला होता, चिकटला नव्हता.
– एक वाचक, कोलवा

उत्तर : चुंबकाने ही परीक्षा होत नाही. बाजारात स्वस्त बिजागऱ्या बहुधा २०२ प्रतीच्या असतात, त्यांनाही चुंबक चिकटत नाही, पण खाऱ्या वाऱ्यात त्या टिकत नाहीत. ३०४ घ्या. गाडी सतत समुद्राजवळ असेल तर बाहेरच्या आणि खिडकीजवळच्या कामाला ३१६. तिच्यात मॉलिब्डेनम असतं, ते मिठाचा मारा सहन करतं. प्रत धातूवर ठोकलेली किंवा बिलावर लिहिलेली असू द्या. मंद मिटणाऱ्या बिजागऱ्यांचा मोह टाळा, चालत्या गाडीत त्या दार धरून ठेवत नाहीत. साधी बिजागरी आणि दाबून उघडायचं पुश-लॉक लावा. ॲल्युमिनियमच्या चौकटीला स्टीलचा स्क्रू लावत असाल तर मध्ये नायलॉनचा वॉशर हवा, नाहीतर मिठाच्या ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. किनाऱ्यावरून परतलात की गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बिजागऱ्या पुसून कोरड्या करा. स्क्रू बदलताना जुन्या भोकात इपॉक्सी भरून ते वाळू द्या, आणि मगच नवीन भोक पाडा.